रानखाटकाचं कुळ

चैत्र लागला की कळंबात ज्याच्या त्याच्या तोंडी ऊन असतं. मला मात्र चिंचेचा वास येतो. कुठल्यातरी अंगणात बायका चिंचा फोडायला बसलेल्या असतात, चिंचोक्यांचा ढीग एका बाजूला, गराचे गोळे दुसर्‍या बाजूला, आणि तो आंबट, किंचित कुबट वास भिंतीवरून आमच्या परसात उतरतो. लोकांना अशा वासानं माहेर आठवतं, डोळे भरून येतात. मला एक माणूस आठवतो आणि माझं तोंड वाकडं होतं. इतकी वर्षं झाली, तरी तोंड वाकडं व्हायचं राहिलं नाही.

यंदा माझ्या धाकट्या भावाची नात गार्गी सुट्टीला आली ती गळ्यात दुर्बीण अडकवून. सकाळी परसातल्या लिंबाखाली उभी राहिली आणि एकदम कुजबुजली, "आजी, इकडं ये, हळूच. रानखाटीक!"

"मी बघितलाय," मी म्हटलं आणि शेंगा निवडत बसले.

बघण्यासारखं त्यात काही नाही. चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट, डोळ्यावरून काळपट पट्टी आणि तिच्यावर पांढुरकी भुवई. नर कोण आणि मादी कोण, सहजी कळत नाही. आवाज तेवढा गोड. आधी दोन लांब शिट्ट्या, मग चार-पाच घाईच्या, कुणीतरी लांबून हाक मारावी आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा मारावी तशा.

गार्गी माझ्याजवळ येऊन बसली आणि सांगू लागली. हा म्हणे नुसता नावाचा खाटीक. खरा खाटीक वेगळा, तो एकटा असतो, बाभळीच्या शेंड्यावर बसून टेहळणी करतो, खाली झेप घेऊन टोळ, सरडा उचलतो आणि काट्याला टोचून ठेवतो. हा तसलं काही करत नाही. जोडीनं नाहीतर चार-सहांच्या टोळीनं झाडाझाडातून फिरतो, पानामागच्या अळ्या वेचतो. चोच जराशी आकडेबाज, म्हणून जुन्या लोकांनी त्याला खाटकांत घातला. मग कुणी आफ्रिकेतल्या टोपीवाल्या खाटकांचा भाऊबंद ठरवला. मग कोकीळ-खाटीक म्हणून आणखी एक कुळ आहे, त्यात बसवला. "आणि आता आजी, जनुकं तपासून त्याला मादागास्करच्या बेटावरच्या पक्ष्यांच्या कुळात टाकलंय. वांगा म्हणतात त्यांना."

"वांगा? भाजीतला?"

ती हसली. मीही हसले. पण मनात म्हटलं, म्हणजे बसवराजचं चुकलंच की. त्यानं मोठ्या थाटात तिसर्‍या कुळाच्या बाजूनं कौल दिला होता. मला बरं वाटलं. या वयात कुणाच्या चुकीनं बरं वाटू नये म्हणतात. मला मात्र वाटतं.

बसवराज माझ्या आत्याचा मुलगा. निलव्वा आत्या उमरग्याला दिलेली, लवकर विधवा झालेली. हा एकुलता एक. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला हैदराबादेला ठेवून शिकवलं. आमच्या लिंगायतांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क धरतात, त्यामुळं मी पाळण्यात असल्यापासून त्याची ठरलेली होते. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. घरात मी नंदा, हजेरीपटावर महानंदा, आणि आमच्या गावच्या, बेंबळीतल्या बायकांच्या तोंडी 'निलव्वाची सून'.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पाठोपाठचा उन्हाळा असेल. कचेर्‍यांतली उर्दू जाऊन बरेच दिवस झाले होते, नव्या गाड्या, नवे साहेब, नव्या तर्‍हेची मराठी येत होती. बसवराज तेव्हा औरंगाबादला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला होता. पेपर झाले की तो बेंबळीला आला, मुक्कामालाच. सोबत आत्या. वैशाखात सुपारी फोडायची आणि लगेच लग्न उरकायचं असा बेत होता. त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि बाटल्या, कातर्‍या, चिमटे, सुया जास्त होत्या. आणि एक छर्‍याची बंदूक.

तो माणूस कसा होता हे मी आजही डोळे मिटून सांगू शकते. उंच, गोरा, तेल लावलेल्या केसांचा. चालताना धोतरवाल्यांकडं असा बघायचा की ते आपोआप बाजूला व्हायचे. घरात सगळे त्याला बसू म्हणत, ते त्याला सोसायचं नाही. हैदराबादेला असताना तो उर्दूत बोलायचा, औरंगाबादला गेल्यावर पुण्याची मराठी शिकला, आणि शिकलेली भाषा नव्या कोटासारखी सारखी झटकत बसायचा. "इथं नव्हे, इथे," तो आत्याला सांगे. "न्हाय नव्हे आई, नाही." आत्या कानडी मुलखात आजोळी वाढलेली, तिच्या मराठीत निम्मं कानडी. ती हसून म्हणे, "व्हय रे बाबा, नाही." पुन्हा चुके. तो जेवता जेवता घास खाली ठेवून पुन्हा सुधारे. आणि आप्पा, माझे करारी आप्पा, ज्यांच्यापुढं पाटलाचं काही चालत नव्हतं, ते कौतुकानं माना डोलवत.

रानखाटीक त्याला त्याच्या प्रोफेसरांसाठी पाहिजे होते. हा पक्षी कोणत्या कुळातला यावर म्हणे जगात वाद होता, आणि त्या वादात या दोघांना आपला शब्द टाकायचा होता. कातडी पाहिजेत, कवट्या पाहिजेत, जीभ आणि टाळूचं हाड पाहिजे, घरटं, अंडी, पिल्लंसुद्धा. आमच्या ओढ्याकाठी बाभळींचं दाट बन होतं, तिथं हे पक्षी पुष्कळ.

रोज सकाळी तो बंदूक घेऊन जाई आणि ऊन चढलं की रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येई. आमच्या घरात मांसाचा कण कधी आला नव्हता. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं मेलेलं पाखरू उंबर्‍याच्या आत आणलं, तर दुसर्‍या कुणालाही आप्पांनी शेणानं अंघोळ घातली असती. अव्वा, म्हणजे माझी आई, पहिल्या दिवशी दारात आडवी उभी राहिली.

"घरात न्हाय आणायचं ते," ती म्हणाली.

आप्पा कपाळावर विभूती लावत होते. तिथूनच म्हणाले, "असू दे. इद्या हाय ती. इद्येला पाप न्हाय."

"मग सोवळ्यात नेऊन ठिव म्हणा," अव्वा म्हणाली. शेवटी गोठ्यात फळी टाकून दिली. तिथं तो पाखरं सोलत बसे. कातड्यात आमच्याच शेतातला कापूस भरे, पायाला चिठ्ठी बांधे. बैल त्या वासानं दावं ताणून दूर सरकत. आप्पांची गावात धर्मकर्माबद्दल जी ख्याती होती, तिची किंमत मला त्या गोठ्यात कळली. जावई पदवीधर असला की धर्म सैल होतो एवढंच.

मी आणि आत्या दिवसभर ओसरीवर चिंचा फोडत बसायचो. करडई निघाली होती, ज्वारीची खळी उरकली होती, कडब्याच्या गंजीवरून गरम वारा यायचा आणि त्याबरोबर भुसकट. नखांत चिंचेचा गर जाऊन बोटं चरचरत. आत्या मला तिच्या लहानपणची कानडी गाणी म्हणून दाखवी, मी चुकीची म्हणे, ती पोट धरून हसे. सासू म्हणून ती मला हजार वेळा चालली असती. बसवराज त्या लग्नातली तेवढी अडचण होती.

तो मला अधूनमधून ज्ञान देई. "महानंदा, हे बघ, माणसाला जसं घराणं तसं पक्ष्यालाही असतं. वरवरच्या रूपावर जाऊ नये. आत काय आहे ते उघडून बघावं लागतं." त्याचं ज्ञान खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पक्षी कुठं बसतो, काय खातो, घरटं कसं बांधतो, सगळं त्यानं नीट पाहिलं होतं. मला चीड येत होती ती त्याच्या पाहण्याची. तो ज्या नजरेनं पाखराकडं पाही, त्याच नजरेनं माझ्याकडं, अव्वाकडं, सालगड्याकडं पाही. आपण कुठंतरी चिठ्ठी बांधून ठेवायचे नमुने आहोत असं वाटायचं. "मामी ही अगदी नमुनेदार मराठवाड्याची बाई," तो एकदा ताटावर म्हणाला, अव्वा समोर वाढत असताना. अव्वाला ते कौतुक वाटलं. तिनं त्याला आणखी तूप वाढलं.

विहिरीच्या वाटेवर एका बोडक्या बाभळीच्या दुबेळक्यात घरटं होतं. ते मला आधी दिसलं होतं, पण मी त्याला दाखवलं नाही. त्याचं त्यानंच शोधलं. वाटीएवढं, सालीच्या धाग्यांचं, वरून कोळ्याचं जाळं आणि सालपटांचे तुकडे असे चिकटवलेले की फांदीलाच गाठ आल्यासारखं दिसावं. मी रोज पाण्याला जाताना बघायची. दोघंही आळीपाळीनं बसत. एक आला की दुसरा उठे, जराशी शिट्टी घाली आणि निघून जाई. भांडण नाही, मानपान नाही. मग पिल्लं निघाली, आणि दोघांची अळ्या आणायची धांदल सुरू झाली.

सुपारीचा दिवस उजाडला. पाहुणे आदल्या दिवशीच आले होते, जंगम स्वामी यायचे होते. मी पहाटे घागर घेऊन निघाले तर बसवराज बाभळीपुढं उभा. बंदूक हातात.

"आज तरी राहू द्या," मी म्हटलं. त्याच्याशी आपण होऊन बोलायची ती माझी पहिली वेळ.

"का? आज काय आहे?"

"आज आपलं... पाहुणे आल्यात. आणि पिल्लं ल्हान हायत."

"लहान आहेत," तो म्हणाला. "म्हणूनच पाहिजेत. गप्प उभी राहा, उडेल तो."

घरट्यावर बसलेला पक्षी उडाला नाही. उन्हाची तिरीप यायची होती, पंख पसरून पिल्लांवर बसलेला होता. छर्रा लागला तसा तो घरट्याच्या काठावरून खाली घसरला. बसवराजनं उचलून रुमालात ठेवला. मी घागर काखेत धरून तिथंच उभी. थोड्या वेळानं दुसरा आला, चोचीत अळी. त्यानं पिल्लांना भरवलं, इकडंतिकडं मान वळवली, ती दोन लांब शिट्ट्यांची हाक घातली आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसला. त्यांच्यात असंच असतं, एक उठला की दुसर्‍यानं बसायचं.

बसवराज माझ्याकडं बघून हसला. "बघ," तो म्हणाला, "आपणहून आला. शोधायची मेहनत वाचली." आणि चाप ओढला.

तो हसला नसता तर कदाचित मी त्याच्याशी लग्न केलं असतं. पाखरं मारणारे पुष्कळ असतात, पोटासाठी मारतात, शिक्षणासाठीही मारत असतील. पण दुसरा परत येऊन बसला याचं त्याला हसू आलं. मला त्या क्षणी माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. मी आजारी पडेन, रडेन, त्याची वाट बघेन, आणि हा असाच हसेल.

दुपारी मला नवं लुगडं नेसवून ओसरीवर आणलं. स्वामी पाटावर, दोन्हीकडचे पाहुणे घोंगड्यांवर, मधे ताटात खोबरं-सुपारी. बसवराज नखाखालचं रक्त काडीनं काढत बसला होता. आप्पांनी सुपारी हातात घेतली आणि मी बोलले.

"मला ह्यांच्याशी लगीन करायचं न्हाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग आत्या पुढं आली. तिचा आवाज अजून हसरा होता, तिला वाटलं मी लाजून काहीतरी बोलतेय. "आगं, असं काय बोलतीस? काय कमी हाय माझ्या लेकरात?"

काय सांगणार होते मी? पाखराचं सांगितलं असतं तर सगळी ओसरी हसली असती. मी म्हटलं, "किळस येती मला ह्यांची."

आत्याचा चेहरा त्या शब्दानं असा झाला की ते बघणं मला पाखरं बघण्यापेक्षा जड गेलं. आप्पांनी सुपारी ताटात टाकली, उठले आणि शेताकडं निघून गेले. अव्वानं मला दंडाला धरून आत ओढलं. बाहेर कुणीतरी म्हणालं की पोरीचं कुठंतरी बाहेर असणार. आणि बसवराज? त्याला काहीच झालं नाही. मी आतून ऐकलं, तो आईला समजावत होता, "बरंच झालं. नाहीतरी हिला इंग्रजी कुठे येतं? चार लोकांत नेता आली नसती." मग तो गोठ्यात गेला, आपल्या बाटल्या नीट बांधल्या, आणि संध्याकाळच्या आत मायलेक धाराशिवच्या गाडीत बसले. जाताना आत्या दारात वळली आणि मला म्हणाली, "तुजं कधी भलं व्हायाचं न्हाय." तिनं ते मराठीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

त्यानंतर आप्पा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि बोलले ते मला धाराशिवला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरल्यावर. लग्न जमेना, मग मीही जमवलं नाही. कळंबात मुलींच्या शाळेत नोकरी लागली. धान्याच्या अडतीमागं एक खोली घेतली. बाजाराच्या दिवशी पोत्यांची धूळ थेट देवळीपर्यंत यायची. मला ती खोली फार आवडायची. तिच्यात कुणी मला चिठ्ठी बांधत नव्हतं.

बसवराजचं लग्न मोठ्या घरात झालं. त्याचा लेख छापून आला, आप्पांनी तो न वाचताच पेटीत ठेवला. मला त्याची आठवण काढायची गरज नव्हती, पण काढायची मी. रागानं नव्हे. राग थकवतो. तुच्छता माणसाला ताठ ठेवते, निदान मला तरी तिनं ठेवलं.

पाच-सहा वर्षं गेली असतील. बाजाराचा दिवस होता. शाळेतून आले तर खोलीच्या पायरीवर एक म्हातारी पत्र्याची पेटी घेऊन बसलेली. निलव्वा आत्या. अर्धी झाली होती. मी समोर उभी राहिले तरी काही बोलेना. मी कुलूप काढलं, तिची पेटी आत घेतली, पाणी दिलं. ती प्याली. दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, वाचा गेली.

तिसर्‍या दिवशी भाकरी करताना तिनं मला कानडीतून काहीतरी विचारलं. मी मोडक्यातोडक्या कानडीत उत्तर दिलं, चुकीचं. ती हसली. मग धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. लेकाच्या घरी तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त ती तोंड उघडायची आणि तो तिचं चुकलेलं सांगे. पाहुण्यांदेखत सांगे, नातवादेखत सांगे. पुढं नातू सांगायला लागला. मग सुनेनं म्हटलं, सासूबाई, तुम्ही बाळाशी बोलू नका, त्याची भाषा बिघडेल. तेव्हापासून आत्यानं बोलणं सोडलं होतं. त्या घरात ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुला मी लई वाईट बोलले," आत्या म्हणाली.

"भाकरी करपतीया," मी म्हटलं.

आठवड्यानं तो आला. केस मागं हटलेले, अंगानं वाळलेला, हातात कातडी बॅग. उंबर्‍यात उभा राहून त्यानं माझ्या खोलीवर नजर फिरवली, आणि मला ती नजर लगेच ओळखता आली.

"आई, चल," तो म्हणाला. "लोक विचारतात मला. काय सांगायचं? आई कुणाकडे राहते? आणि ही तुझी कोण?"

"भाची," मी म्हटलं. "एवढं तुम्हाला ठाऊक असायला पायजे."

त्यानं माझ्याकडं दुर्लक्ष केलं. "आई, मी तुझ्याशी बोलतोय."

आत्या चुलीपुढून उठली नाही. "ना बरंगिल्ल," ती म्हणाली. मी येत नाही. त्याला कानडी चांगलं येत होतं, लहानपणी तो दुसरं काही बोललाच नव्हता. पहिल्यांदाच त्याला कुणाचं काही सुधारता आलं नाही.

मग आत्या म्हणाली, "जेवून जा." तो बसला. तिनं भाकरी, पिठलं आणि वाटीभर ताक पुढं ठेवलं. तो मान खाली घालून जेवला, ताक पुन्हा मागून घेतलं, बॅग उचलली आणि गाडी गाठायला गेला. मी त्याच्या पाठमोर्‍या कोटाकडं बघत उभी होते. माझ्या जिभेवर एक झणझणीत वाक्य आलं होतं, वर्षानुवर्षं परजून ठेवलेलं. आता ते म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती.

"लई वाळलाय गं," आत्या मागून म्हणाली. "ल्हानपणी ताकाला तोंड लावायचा न्हाय. आज दोनदा प्याला."

तिच्या हातात त्याची उष्टी वाटी होती. ती धुवायला टाकायची सोडून ती तशीच धरून बसली होती.

मी ते वाक्य गिळलं. "पुढल्या खेपेला आला," मी म्हटलं, "तर दही जरा जास्त लावून ठिवू."

"व्हय," आत्या म्हणाली, आणि वाटी घेऊन उठली.